मानशीचं दार

आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्या सुमाराला समुद्राला पूर्ण भरती असते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. नदीतून आत जाल तशी ती उशिरा पोचते. गोव्यातल्या मांडवीत भरतीचं पाणी गांजेपर्यंत चढतं, म्हणजे मुखापासून पन्नासेक किलोमीटर आत. त्यामुळे प्रत्येक गाव या हिशेबात आपापली मिनिटं मिळवतं, आणि चोडणची भरती पणजीच्या घड्याळावर चालत नाही. हा हिशेब तोंडावर असलेली माणसं तिसवाडीत, बारदेशात, सासष्टीत अजून भेटतात. तो पाठ असण्याचं कारण अगदी सरळ आहे. त्यांची शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत.

मूल्यं हा शब्द आपण फार वर नेऊन बसवला आहे. भाषणात येतो, शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला येतो, आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो. मला तो खाजनात, म्हणजे नदीकाठच्या या सखल शेतांत, गुडघाभर चिखलात उतरलेला अधिक नीट समजतो. तिथे प्रामाणिकपणाला वेळ ठरलेली असते, सहकार्याला लांबी-रुंदी असते, आणि संयम सुटला तर कोणाच्या कोपऱ्यात भात होणार नाही हे बोट दाखवून सांगता येतं.

गोव्यातली भातजमीन उतारावरून खाली येताना तीन नावं घेते. वरची मोरड, मधली खेर आणि नदीला लागून असलेली खाजन. राज्यात खाजन जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे. कधीकाळी ही सगळी तिवरांची दलदल होती. पूर्वजांनी नदीच्या कडेने चिकणमातीचा बांध घातला, आत सर्वांत सखल जागी पाणी खेळायला पोंय ठेवली आणि बांधात जागोजाग मानस बसवली. या तीन गोष्टींवर शेकडो वर्षं भात, मासळी आणि मीठ निघत आलं.

मानस म्हणजे बांधाच्या पोटातलं चिऱ्यांचं पक्कं बांधकाम. त्यात एक किंवा अधिक गाळे, आणि प्रत्येक गाळ्याला जड लाकडाचं दार. दार असं बसवलेलं असतं की ते फक्त नदीच्या बाजूला उघडतं. ओहोटीला नदी खाली गेली की आतलं पाणी दाराला ढकलून बाहेर पडतं. भरती चढू लागली की नदीचंच पाणी दार चौकटीवर दाबून धरतं. माणसाचा हात लागत नाही. समुद्राच्या जोरानेच समुद्राला दारात थोपवायचं, हे ज्याला कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल त्याच्या बुद्धीपुढे मान लवते.

पण दार आपोआप लागतं म्हणजे ते नीट लागतं असं नव्हे. चौकटीत करवंटी अडकते, झावळीचा तुकडा अडकतो, हल्ली बहुतेक वेळा प्लास्टिकची बाटली अडकते. दार दिसायला बंद, पण कडेला दोन सेंटीमीटरची उभी फट. मीटरभर उंचीची ही फट असेल आणि बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा सरासरी अर्धा मीटर वर असेल, तर तासाला सुमारे १३५ घनमीटर खारं पाणी आत येतं. भरतीचे वरचे चार तास धरा. साडेपाचशे घनमीटरच्या आसपास, म्हणजे पाच-साडेपाच हजार लिटरचे शंभर टँकर. एका भरतीत. आणि साडेबारा तासांनी पुढची भरती.

एका बाटलीने हे होतं. म्हणून भरती चढायच्या आधी कुणीतरी जाऊन दाराच्या तळाशी हात घालून बघायला हवं. काय अडकलंय ते काढायचं, दार दोनदा हलवून सोडायचं, ते चौकटीवर बसल्याचा भरीव आवाज ऐकायचा, उरलेल्या बारीक फटीत चिकणचिखल आणि पेंढा कालवून दाबायचा. जेमतेम वीस मिनिटांचं काम. ते रात्री दोन वाजता असतं, पावसात असतं, आणि नीट केलं तर सकाळी कुणाच्या लक्षातही येत नाही. कर्तव्य या शब्दाला माझ्या मनात हेच चित्र आहे: कंदील किंवा बॅटरी, दाराच्या तळाशी गेलेला हात, आणि ज्याच्या शेतासाठी हे चाललंय तो गावात गाढ झोपलेला.

मे महिन्यात दारांची खरी परीक्षा असते. खाऱ्या पाण्यातले किडे लाकूड आतून पोखरतात; वरून फळी शाबूत दिसते. दार काढून उन्हात ठेवायचं, फळ्या एकेक करून ठोकायच्या. भरीव वाजली तर ठीक, पोकळ वाजली तर बदलायची. पोकळ वाजलेली फळी "या वर्षी चालेल" म्हणून परत बसवली जाते, आणि ऑगस्टमधल्या उधाणाला, नदीत पुराचं पाणीही असताना, ती जाते. खाजनातली बरीच नुकसानी "या वर्षी चालेल" या तीन शब्दांतून आलेली आहे.

आता बांध. बांधाचे शत्रू तीन: लाटा, मुळं आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे. मांडवी-जुवारीतून खनिजाच्या बार्जी धावायच्या तेव्हा त्यांच्या लाटांनी बांधांच्या पोटाची माती किती ओढून नेली, हे दोन्ही काठांवरचे शेतकरी सांगतील. बांधासमोर नदीत उभे असलेले तिवर या लाटा मोडतात, म्हणून ते राखायचे. तेच तिवर बांधाच्या अंगावर रुजले तर मुळांच्या वाटेने पाणी झिरपतं, म्हणून तिथलं रोप बोटभर असतानाच उपटायचं. एकच झाड, चार हात पुढे असलं तर राखणदार आणि चार हात मागे असलं तर चोरवाट. कुठलाही नियम जागा बघून लावायचा असतो, हे इथे वेगळं शिकवावं लागत नाही.

कुर्लीच्या बिळाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. बीळ मनगटाएवढं असतं. नदीकडच्या अंगाला सुरू होतं आणि वळत वळत शेताकडे येतं. आतल्या बाजूला आधी फक्त ओलसर डाग दिसतो, मग बारीक झरा. झऱ्याचं पाणी स्वच्छ असेल तोवर सवड आहे. ते गढूळ झालं की समजायचं, बांधाची माती आतून वाहू लागली. आता दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे.

पहिली चूक सगळे एकच करतात. झरा शेताच्या बाजूला दिसतो, म्हणून शेताच्या बाजूनेच चिखलाचा गोळा मारतात. झरा थांबतो, समाधान वाटतं. पण नदीकडचं तोंड उघडंच असतं. पाणी बिळात भरतं, तिथेच दाबाने राहतं, दुसरी मऊ जागा शोधतं, आणि पुढच्या उधाणाला हातभर अंतरावर नवा झरा फुटतो, मोठा. बीळ बुजवायचं ते नदीच्या बाजूने. त्यासाठी ओहोटीला चिखलात उतरावं लागतं, आणि हाताशी दोन-तीन तासच असतात. तोंडाशी माती भरून भागत नाही. बिळाच्या मागोमाग खणत जायचं, ते संपतं तिथवर. मग नदीच्या पात्रातली चिकण, पेंढा मिसळून, वीतभर जाडीचे थर देत भरायची. प्रत्येक थर पायाने आणि मोगरीने ठोकायचा. थर जाड घेतला तर वरची माती दबते आणि खालची पोकळ राहते. कोरडी माती घातली तर ती भिजल्यावर बसते आणि वर भेग उरते. पेंढा कमी पडला तर उन्हाने तडे जातात.

म्हणजे जिथे दिसतं तिथे बुजवणं सोपं आणि वाईट, जिथून येतं तिथे बुजवणं कष्टाचं आणि खरं. घरातल्या भांडणांबद्दल, कचेरीतल्या हिशेबाबद्दल हेच लिहिता येईल. पण त्या उपमेच्या नादात मला बीळ सोडायचं नाही. माणसं आपली सचोटी विचारांत ठेवतात असं आपण धरून चालतो. माझ्या मते ती अशा थरांच्या जाडीत असते. बांध वरून हिरवा आणि सपाट दिसतो. आत वीत-वीत थर दिले की एकदाच पाटी उपडी केली, हे भरणाऱ्यालाच ठाऊक असतं. दोन-तीन पावसाळे बांधही काही सांगत नाही.

हल्ली बऱ्याच ठिकाणी सरकारी मदतीने बांधाला दगडी तोंड बांधून मिळतं. लाटांपुरता त्याचा उपयोग होतो, आणि ते मिळालं तर घ्यावं. मात्र दगड बसवले की गावाला वाटतं, आता बघायला नको. कुर्लीला दगडामागे उलट आडोसा मिळतो, आणि चिकणमाती बसत गेली की तिच्यावरचा कडक थर तडकतो. चालत जाऊन बघण्याला पर्याय अजून सापडलेला नाही. महिन्यातून निदान दोनदा, अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या भरतीला आतल्या अंगाने चालायचं, कारण ओल तेव्हाच दिसते. भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला सगळे बांध चांगलेच वाटतात.

काही गावांत राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, वर्षाचा रोट, सूर (माडी), विडी देण्याची पद्धत आहे. तो रात्री गावाच्या सीमेवरून, बांधावरून फिरतो अशी श्रद्धा. माझं त्या श्रद्धेवर प्रेम आहे. ज्या वाटेने देव फिरतो ती वाट मोडकळीला आलेली चालत नाही, असं मानणाऱ्या गावात माणूसही त्या वाटेने फिरत असे.

आता त्या जागेकडे येऊ जिथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात. मानशीतून बेताने आत घेतलेल्या भरतीच्या पाण्याबरोबर सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आणि मासळीची पिल्लं आत येतात, पोंयीत वाढतात आणि ओहोटीला बाहेर निघतात. बाहेर निघताना दारात जाळं लावलं की मासळी मिळते, उधाणाच्या दिवसांत भरपूर. हा हक्क गाव पावणीत देतं. जो जास्त बोलेल त्याला त्या मुदतीपुरती मानस मिळते, आणि आलेला पैसा बांधाच्या दुरुस्तीवर खर्च करायचा असतो. ही व्यवस्था बघितली की आनंद होतो. दार भाताचं रक्षण करतं, दार मासळी देतं, मासळी दाराचा खर्च भागवते.

ताण इथूनच सुरू होतो. पावणी घेणाऱ्याने पैसे आधी मोजलेले असतात, दिवस ठरलेले असतात. भरतीच्या वेळी दाराला एक दांडकं लावून ते उघडं धरलं, तर पाणी जास्त येतं आणि पाण्याबरोबर सुंगटंही. त्या एका दांडक्याने पोंय काठोकाठ भरते, आतले छोटे बांध भिजत राहतात, ओहोटीला जोराने बाहेर पडणारं पाणी मानशीच्या पायाखालची माती खरवडतं. भात उभं असताना हे केलं तर खार मुळाशी जातो. जाळ्याचं भोक बारीक ठेवलं तर पिल्लंही उचलली जातात आणि पुढच्या उधाणाला जाळं हलकं येतं.

पावणी घेणारा माणूस दुष्ट असतो असं मला म्हणायचं नाही. त्याच्या घरीही हप्ते असतात, आणि कुळाचं नुकसान त्याच्या डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते जाळं. उलट कुळांचंही चुकतं. भाताला भाव नाही म्हणून शेत पडीक टाकलेलं कुळ पावणीच्या पैशात वाटा मात्र मागतं, आणि बांधाचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलतं. दोघांमध्ये निवाडा करणारी गोष्ट एकच होती: कुठल्या महिन्यात पाणी कुठवर येऊ द्यायचं याची मानशीच्या चिऱ्यावरची खूण. ती खूण पावणीच्या आधी, सगळ्यांदेखत ठरलेली असली की रात्री दांडकं लावणाऱ्याचा हात थबकतो. खूण नसली की प्रत्येकजण आपल्या मनाने सज्जन असतो आणि पाणी चढतच राहतं. सचोटी माणसाच्या स्वभावावर सोडू नये, तिला दिसेल असं माप द्यावं, हे मी खाजनाकडून घेतलेलं आहे.

हे माप पूर्वी गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, सांभाळलं. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये फोराल, म्हणजे रूढींची सनद, लिहवून घेतला तेव्हा तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या या रूढी आधीपासून चालत आलेल्या होत्या. त्यांनी त्या कागदावर आणल्या. पुढे गावकरीची कोमुनिदाद झाली. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली. ते न्याय्यच होतं, त्याबद्दल मनात किंतू नाही. बांधांचं काय, हा प्रश्नही कायदा करणाऱ्यांनी विसरलेला नव्हता. १९७५ मध्ये त्यासाठी वेगळे नियम केले, आणि त्यांच्या नावातच कुळांची सामूहिक जबाबदारी आहे. कुळांचे संघ झाले, बांध आणि मानस त्यांच्याकडे आली.

नियमाने जबाबदारी दिली, पण रात्री दोन वाजता उठण्याची सवय नियमातून येत नाही. जमिनीचे तुकडे झाले, मुलं नोकऱ्यांना लागली, सभेला गणसंख्या पुरेना. एकाने शेत सोडलं की त्याच्या वाट्याच्या बांधाकडे कुणी बघत नाही. तिथे पडलेलं भगदाड त्याच्या एकट्याच्या शेतावर थांबत नाही. पाणी सर्वे नंबर वाचत नाही. दोन-तीन वर्षं खारं पाणी आत-बाहेर करत राहिलं की तिवर रुजतात, आणि ते वाढले की तोडायला परवानगी लागते, कारण खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. शेत परत मिळवण्याचा रस्ता तिथून फार लांब होतो. काही ठिकाणी तर हे मुद्दाम होऊ दिलं जातं, कारण बुडालेली जमीन विकायला सोपी वाटते. मला हे बघून राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही. शेजाऱ्याचं भात बुडवून आपली जमीन मोकळी करणं याला व्यवहार म्हणायची माझी तयारी नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण आता म्हापशात, फोंड्यात, मडगावात फ्लॅटमध्ये राहतात. खाजनाशी आपला संबंध ताटातल्या उकड्या तांदळापुरता, तोही बहुधा बाहेरून आलेला. पण वर ज्या बाटलीचा हिशेब मांडला ती खाजनात तयार होत नाही. ती इमारतीच्या मागच्या गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत आणि भरतीबरोबर मानशीच्या चौकटीत येते. ओला आणि सुका कचरा वेगळा करायला स्वयंपाकघरात रोज दोनेक मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं आणि दारातली वीस मिनिटं एकाच कामाची दोन टोकं आहेत.

मासळीबाजारातही असंच एक माप आहे. वाटा लावणारी बाई वरती ताजे बांगडे आणि खाली कालचे ठेवू शकते. रोजच्या गिऱ्हाइकाला ती तसं करत नाही, आणि तो रोजचा गिऱ्हाईकही तिच्याकडे पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत, सुकी मासळी घ्यायला जातो. वास्कोला श्रावणात दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं. पहाटे तीनची पाळी घेणारी मंडळी मला नेहमी खाजनातल्या माणसांची भावंडं वाटतात. त्या वेळी ऐकायला फारसं कुणी नसतं, आणि टाळ मात्र थांबता कामा नये.

कुणाला आपल्या गावच्या खाजनासाठी काही करायचं असेल तर सुरुवात साधी आहे. कुळसंघाच्या सभेला जायचं आणि तीन गोष्टी लिहून मागायच्या: उधाणाच्या कुठल्या तारखांना कोण बांध चालणार, मानशीवर पाण्याची खूण कुठे आहे, आणि पावणीतली किती रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवली. बांध चालणाऱ्यांची नावं जोडीने असावीत. एकटा माणूस ओल बघून घरी येतो. दोघे असले की एक थांबतो आणि दुसरा फावडं आणायला जातो.

एवढं झालं की पावसाची वाट. उन्हाळ्यात नांगरून ढेकळं उघडी ठेवलेली असतात, म्हणजे पहिल्या सरींचं पाणी त्यांच्यातून झिरपून खार खाली ओढेल. ते पाणी शेतात कोंडून ठेवायचं नसतं. प्रत्येक ओहोटीला मानशीतून जाऊ द्यायचं, पुन्हा पावसाचं भरायचं, पुन्हा सोडायचं. कोरगूट हे भात खाराला बरंच सोसतं, उंच वाढतं, पाण्यात उभं राहतं. पण कोंब फुटलेलं कोवळं बियाणं कोरगुटाचं असलं तरी कोवळंच. म्हणून मूठ टाकण्याआधी शेताच्या चारही कोपऱ्यांतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावतात. मानशीजवळचा कोपरा सर्वांत शेवटी. तो खारट लागला तर बी घरी परत जातं, आणखी दोन-तीन मोठ्या सरी होऊ देतात, आणि तोवर कुणीतरी जाऊन दाराच्या तळाशी पुन्हा एकदा हात घालून बघतं.